आधी कागद, मग मत

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

एल्फिन्स्टनवरचं तुझं प्रकरण काल रात्री वाचून काढलं. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे वकील, आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला हा माणूस. बारा पानांत एल्फिन्स्टन चारदा उदारमतवादी झालाय आणि पाचदा साम्राज्याचा धूर्त हस्तक. वर मला विचारतेस, मावशी, यातलं कुठलं धरू? निकाल तुला हवाय, पण साक्षीपुरावे दुसऱ्यांनी तपासलेले चालतात. आधी कागद, मग मत. पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

११ फेब्रुवारी १८१८ चा त्याचा साताऱ्याचा जाहीरनामा घे. वतनं, इनामं, देवस्थानांच्या नेमणुका चालू राहतील असं वचन त्यात आहे. ते औदार्य होतं की धोरण, यावर तू दोन पानं घातलीस. त्यापेक्षा एका गावचं एकच इनाम धर. दुसऱ्या बाजीरावाच्या शेवटच्या वर्षांत त्याचं काय होतं, नवा अंमल बसल्यावर काय झालं, १८५२ च्या कायद्याने इनामं तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर ते उरलं का? पुण्याच्या पेशवे दफ्तरात जाऊन जुन्या कागदांचे रुमाल सोडून बस. मोडी येत नाही म्हणतेस, तर शीक. सहा महिने लागतात. मला नोकरी सांभाळून आठ लागले.

आणि सोयीचं तेवढं उचलू नकोस. विश्रामबागवाड्यात १८२१ साली पाठशाळा निघाली, ती तुझ्या 'उदार' बाजूला आहे. पेशवाई बुडाल्याबरोबर इंग्रजांविरुद्ध कट उघडकीला आला आणि त्याच माणसाने म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं, ते कुठे आहे? मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरने त्याला सुचवलं, कायद्याचं संरक्षण मागून घ्या. त्याने नकार दिला. चुकलो असेन तर मला शिक्षा व्हावी, चुकलो नसेन तर संरक्षण कशाला, असं त्याचं म्हणणं. हे उत्तर मी कितीदा वाचलं असेल! करारी वाटतं, आणि अंगावर काटाही येतो. दोन्ही लिही.

त्याच्या तंबूच्या कोपऱ्यातल्या छापील मराठी पुस्तकांची गोष्ट तू थेट त्याच्या तोंडी घातलीस: एतद्देशीयांना शिकवायला ही पुस्तकं, पण आमच्या युरोपला परतण्याचा राजमार्गही हाच. ही आठवण त्याच्या हाताखालच्या ब्रिग्जची आहे. मग 'ब्रिग्ज सांगतो' असं लिहायला नको? एवढ्या दोन शब्दांचा कंटाळा करतेस, तिथे माझा जीव तुटतो.

का तुटतो, तेही सांगते. तुझ्याएवढी असताना मी एक लेख लिहिला: एल्फिन्स्टनने पंचायती राखल्या. चार इंग्रजी पुस्तकांवरून. त्याचा १८१९ चा अहवाल उघडलाही नव्हता. पुढे तो वाचला. दिवाणी न्यायाचं मुख्य साधन पंचायतच राहावी, असं त्यात खरंच आहे; तिची दिरंगाई, साक्षीदारांना हजर करण्यातली तिची दुर्बलता, हेही आहे. पण १८२७ ची कायदेसंहिता त्याच्याच गव्हर्नरकीत झाली, दावे कोर्टाकडे वळले आणि पंचायती सुकत गेल्या. म्हणजे त्याने राखायचं म्हटलं, राखलं गेलं नाही. माझं वाक्य मात्र तोवर एका पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं होतं.

दुरुस्ती मी छापली नाही. घरात आजारपण होतं, पोरं लहान होती, कचेरीतून यायला सात वाजायचे. या सबबी नाहीत, तसंच होतं. आणि मी रिकामी बसले नाही. नंतरची वीस वर्षं दर शनिवारी दफ्तरात जाऊन मी नकला उतरवल्या. नावावर पुस्तक नाही म्हणून ते काम झालंच नाही, असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही. तरी ते एक वाक्य अजून पोरं पाठ करतात, हे मला माहीत आहे.

५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरची रेसिडेन्सी जळली, त्यात एल्फिन्स्टनची पुस्तकं, टिपणं गेली. तुझे कागद कुणी जाळलेले नाहीत. तुझ्या वसतिगृहापासून पायी पंधरा मिनिटांवर आहेत. आधी कागद, पोरी.

मंगळवारी साडेदहाला दफ्तराच्या दाराशी ये. भिंग मी आणते, बाराखडीची माझी जुनी वहीही. ते प्रकरण घरीच ठेव.

तुझी,
मावशी