वाचकांचे प्रश्न : शिवणीवरची मणीपट्टी

प्रश्न : आमच्या भागातील तांड्यांवर बंजारा स्त्रिया कवड्या-आरशांचे भरतकाम करतात. अमेरिकेतील सू या मूळनिवासी लोकांच्या मणी जडवलेल्या ब्लँकेटांवरील नक्षीला काही अर्थ असतो का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : असतो, परंतु तो शब्दकोशासारखा ठरीव नाही. पूर्वी अमेरिकी रानगव्याचे (बायसनचे) अवजड कातडे कमावण्यासाठी मधोमध कापून पुन्हा जोडत आणि ती शिवण झाकण्यासाठी आडवी पट्टी लावत; लोकरी ब्लँकेटे आल्यावर शिवण गेली, पट्टी मात्र राहिली. तिच्यावर आधी साळिंदराचे रंगवलेले काटे असत, एकोणिसाव्या शतकात युरोपीय काचमणी आले. दोऱ्यात काही मणी ओवून फक्त टोके टाचल्याने काम वरंब्यांसारखे उठून दिसते. चार दिशांमुळे चार हा अंक पवित्र मानतात. त्रिकोणाला मात्र कोणी तंबू म्हणे, कोणी डोंगर.