हात कधी काढायचा

प्रिय,

तुझा मेसेज परवाच वाचला, उत्तराला उशीर झाला कारण मोबाईलवर मला एवढं टाईप होत नाही आणि हे दोन ओळीत उरकण्यातलं नाहीये. विशेष शाळेच्या शेवटच्या वर्गावर, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या अठराच्या आसपासच्या मुलांवर तुला टाकलंय आणि तू घाबरून विचारतेयस की ताई यांना काम कोणतं शिकवू. काम कोणतं ते नंतर बघू गं. आधी हे बघ की कोणी न सांगता ते काय काय सुरू करतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, कागदी पाकिटं करण्यात एकदम पक्का. कडेला कड जुळवणार, गोंद कमी नाही जास्त नाही, आल्यागेल्याला मी कौतुकाने दाखवायचे त्याचं काम. एकदा मी फोनवर होते आणि सहज लक्ष गेलं तर पाकीट झालं की तो हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसायचा, मी मान हलवली की पुढचा कागद उचलायचा. फोन ठेवल्यावर मुद्दाम मान हलवली नाही. अकरा मिनिटं बसला तसाच, समोर कागदांचा गठ्ठा. म्हणजे दोन वर्षं मी समजत होते की पाकिटं शिकवतेय, आणि तो शिकला होता बाईंची मान बघायला! प्रॉम्प्टवर, म्हणजे दुसऱ्याच्या इशाऱ्यावर, अवलंबून राहणं म्हणतात ते हेच, कोर्सला तूही वाचलं असशील, पण वाचणं वेगळं आणि स्वतःच्या मानेचा राग येणं वेगळं.

मग काय केलं तर खुर्ची त्याच्या मागे नेली. डावीकडे कोरे कागद, उजवीकडे खोका, आणि खोक्यावर भरलेल्या खोक्याचंच चित्र, म्हणजे कधी थांबायचं ते चित्र सांगेल, मी नाही. अडला की तोंडातून शब्द नाही, मागून फक्त गठ्ठ्यावर बोटाने टकटक. मग टकटक पण बंद. तीन आठवडे गेले यात आणि तेवढ्या दिवसात पाकिटं निम्म्यावर आली, हेडबाईंनी विचारलंही की काय चाललंय. चालू दे म्हटलं.

हातावर हात धरून शिकवायला लागलीस ना, की त्याच दिवशी ठरव हात कसा काढणार. हातावरून मनगटावर, मग कोपरावर, मग नुसती खूण, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं. यात एक गोम आहे. हात काढून घेता येतो, आवाज काढून घेता येत नाही. "हं, आता पुढे, शाब्बास, आता ते घे" हे आपल्या तोंडून दिवसभर चालू असतं आणि आपल्याला ते मदत वाटतच नाही. म्हणून बोलून सांगण्याऐवजी दाखव, चित्र लाव, खूण कर. बोललेलं सगळ्यात शेवटी सुटतं.

आणि "याला नाही जमायचं" हे स्टाफरूममध्ये ऐकशील तेव्हा मार्क गोल्ड आठव. अमेरिकेतला माणूस, १९७२ साली त्याचं काम छापून आलं. मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना त्याने सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं, तेही अशा लोकांना ज्यांच्याबद्दल सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं की साध्या वर्कशॉपातली सोपी कामं हीच यांची झेप. त्याने भागांवर रंग लावला, कोणती बाजू आपल्याकडे हवी ते रंगावरून कळावं म्हणून. मुलगा शिकत नसेल तर शिकवायची पद्धत बदला, एवढंच त्याचं म्हणणं. मुलात काय कमी आहे यावर आपण पानंच्या पानं रिपोर्ट लिहितो आणि आपण आणखी कसं शिकवून बघितलं याला दोन ओळी पण नसतात.

बाकी वर्गात जमलं म्हणजे बाहेर जमेल हे डोक्यातून काढ. टेबल बदललं तरी यांचं काम बदलतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात मुलांच्या हॉस्पिटलमध्ये १९९६ ला प्रोजेक्ट सर्च सुरू झालं ते मला म्हणून आवडतं, शाळेचं शेवटचं वर्ष मुलं हॉस्पिटलमध्येच काढतात, आलटूनपालटून वेगवेगळ्या विभागात, खरं सामान, खरी घाई, शिकवणारे तिथेच सोबत. तुला अख्खं वर्ष कोणी देणार नाही, पण आठवड्यातून दोन दिवस माग, मिळत नसतील तर भांडून माग. कारण नोकरी सुटते ती कामामुळे कमीच, मी बघितलेल्या बहुतेक सुटल्या त्या मधल्या सुट्टीत काय करायचं ते न कळल्याने, साहेबाच्या फार जवळ जाऊन उभं राहिल्याने, नाहीतर आज रोजचा रस्ता बंद होता म्हणून अर्ध्यातून घरी परतल्याने. हे वर्गात कसं शिकवशील?

आता माझी चूक सांगते. एका मुलीला मुलाखतीला घेऊन गेले होते. समोरच्यांनी तिला नीट विचारलं, तुला काय करायला आवडतं? ती गप्प. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो हे मला माहीत होतं गं, तरी मीच बोलले, हिला घड्या घालायला फार आवडतं, हात फार स्वच्छ आहे हिचा. नोकरी लागली. तिसऱ्या आठवड्यात तिने जाणं बंद केलं, घरचे ओरडले, मी समजवायला गेले तर म्हणाली, तिथे कोणीच बोलत नाही. तिला माणसं हवी होती आणि मी तिला घड्या मिळवून दिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात कलम २७ आहे, त्यात स्वतः निवडलेल्या कामाचा हक्क लिहिलाय. मला ते कलम पाठ होतं. मुलाखतीत दहा सेकंद गप्प बसणं जमलं नाही.

त्यावरून आणखी एक, यांना नाही म्हणायला शिकव. आपल्या शाळांमधून फार आज्ञाधारक मुलं बाहेर पडतात आणि आपल्याला त्याचा अभिमान असतो, पण कामाच्या जागी कोणीही काहीही सांगितलं आणि हा करत गेला तर? वर्गातच सुरुवात कर, मुद्दाम चुकीचं सांग, तुटकी कात्री दे, आणि "बाई, ही नको" आलं की लगेच बदलून दे.

पालक घाबरतील, त्यांचं चूक नाही, त्यांनी जन्मभर सांभाळलंय. अशा लोकांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच लिहिलं होतं की धोका पत्करू देण्यात पण माणसाचा मान असतो. पण हे पालकांना ऐकवू नकोस, राग येतो, त्यापेक्षा मूल एकटं चालत असताना त्यांना तुझ्याबरोबर पन्नास पावलं मागून चालव. आणि खोटी आशा मात्र देऊ नकोस, काहींना आयुष्यभर कोणीतरी सोबत लागणारच आहे, तिथे हात मनगटावरून कोपरावर आला तरी ते वर्षाचं काम समज.

तर सोमवारी कोणताही नवा धडा घेऊ नकोस. खुर्ची मागे टाकून बस, आणि तासाभरात कोण किती वेळा वळून तुझ्याकडे बघतं ते वहीत मांड. नावं नकोत, नुसते आकडे मला पाठव.

तुझी ताई