कुरतडलेल्या पानांची बाग

गेल्या महिन्यात या सदरात परसदारी येणाऱ्या पाखरांविषयी आणि फुलपाखरांविषयी लिहिलं. त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, तेवढे इथे घेते. माझं परस १८ फूट बाय २२ फुटांचं आहे आणि १४ वर्षं मी त्यात रमले आहे. जे सांगते ते बरंचसं तिथेच बसून पाहिलेलं आहे.

ताई, फुलपाखरं यावीत म्हणून मुद्दाम लिंबू आणि कढीपत्ता लावला. फुलपाखरं काही दिसेनात, पण हिरव्या अळ्यांनी दोन्ही झाडांची चाळण केली. रोपवाटिकेतून औषध आणून ठेवलंय. फवारू का?

फवारू नका. फुलपाखरं आलेलीच आहेत. त्या अळ्या म्हणजे तीच. कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय या दोन फुलपाखरांच्या माद्या लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातली झाडं शोधत हिंडतात. मादी पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पान थापटते. पायांनीच तिला पानाची चव कळते. खात्री पटली की कोवळ्या पानावर मोहरीहूनही बारीक, पिवळसर अंडं ठेवते, एका जागी एकच. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. सुरुवातीला ती काळपट-पांढरी, ओलसर, थेट पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. तिला धक्का लागला तर डोक्यामागून तांबूस, दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-तीन आठवडे मन लावून खाते, मग काडीला रेशमाचा कमरपट्टा बांधून कोषात जाते. तुमच्या झाडांवर आज हेच चाललं आहे.

मध प्यायला फुलपाखरू नाना तऱ्हेच्या फुलांवर जातं. अळीचं तसं नाही. तिला तिचंच झाड लागतं. प्लेन टायगरला रुई, कॉमन इमिग्रंटला बहावा, टेल्ड जेला सीताफळ किंवा सोनचाफा, कॅस्टरला एरंड, क्रिमझन रोजला ईश्वरीची वेल. आणि आपण ज्याला हळदीकुंकू म्हणतो त्या देखण्या फुलपाखराला चक्क बांडगूळ. बाग फुलांनी भरलेली आहे, पण ही झाडं नाहीत, तर फुलपाखरं येतील, मध पितील आणि अंडी घालायला दुसरीकडे निघून जातील.

माझ्या मागच्या भिंतीच्या फटीत एक रुई आपसूक उगवली. घरातले सगळे म्हणाले, उपटून टाक. मी ठेवली. त्याच पावसाळ्यात तिच्यावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या. रुईच्या चिकातली विषं या अळ्या पचवतात, अंगात साठवतात आणि पंख फुटल्यावरही ती त्यांच्याजवळ राहतात. पक्षी प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत ते यामुळे. (घरात लहान मुलं असतील तर रुईचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. तो फार घातक असतो.)

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पहिल्या वर्षी मीही फवारलं होतं. तेव्हा शिंपी पक्ष्यांची एक जोडी रोज सकाळी लिंबाच्या पानापानाखाली डोकावत असे. फवारल्यावर तिसऱ्या दिवसापासून ती दिसेनाशी झाली आणि तो सबंध हंगाम परतली नाही. झाड हिरवंगार झालं आणि त्याच्यावर कोणीच नव्हतं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पाखरांची पिल्लं मोठी होतात ती किड्यांवर. शिंजीर मध पितो, पण पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. आपली दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पहिल्या दिवसांत पिल्लांच्या चोचीत अळ्या-किडेच घालते. डग टॅलमी हे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ तिकडच्या चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचा हिशेब सांगतात: एका घरट्यातली पिल्लं उडेपर्यंत ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. तुमच्या लिंबावरच्या अळ्यांपैकी बहुतेक अशाच कोणाच्या तरी चोचीत जाणार आहेत. थोड्या उरतील, त्यांची फुलपाखरं होतील. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून कडुनिंबाचं तेलही मारू नका, अळ्या त्यानेही मरतात.

रोप अगदी दहा-बारा पानांचं असेल तर अळ्या अलगद उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवा. झाड कमरेला लागण्याइतकं झालं असेल तर निर्धास्त राहा. माझा कढीपत्ता दोनदा पार बोडका झाला आणि दोन्ही वेळा नव्या पालवीने भरून गेला.

घरामागे जेमतेम १० फूट बाय १२ फूट जागा, त्यातही अर्ध्यावर फरशी. एवढ्याशा जागेत कोण येणार?

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या घराच्या साध्या उपनगरी बागेत ३० वर्षं नोंदी ठेवल्या. एकूण २,६७३ जाती भरल्या. त्यातले १,९९७ कीटक होते. पक्षी, बेडूक, सस्तन प्राणी असे सगळे कणाधारी धरून फक्त ६४. त्यांची बाग तुमच्या जागेपेक्षा मोठी होती हे खरं, पण ते आकडे बघा. येणारे बहुतेक जण नखाएवढे असतात, आणि त्यांना १० बाय १२ फूट ही मोठी जागा आहे.

आधी दोन-तीन फरश्या काढा. खालची माती उघडी पडू द्या आणि तिथे काही लावू नका. एकट्याने राहणाऱ्या कितीतरी जातींच्या मधमाश्या मोकळ्या मातीत बिळं करून अंडी घालतात. या माश्यांचं पोळं नसतं, त्यामुळे त्या पोळ्याच्या माश्यांसारख्या चवताळून अंगावर येत नाहीत. कुंपणाला एक अडुळसा लावा. त्याच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे आणि शिंजीर येतात. उन्हाची जागा असेल तर मुरुडशेंग किंवा धायटी लावा, दोन्हींची लाल फुलं पाखरांना लांबून दिसतात. कोपऱ्यात कोरांटी. फुलझाडं एकेरी पाकळ्यांची निवडा. भरगच्च दुहेरी जास्वंद दिसायला छान, पण पाकळ्यांच्या गर्दीत किड्यांना मधापर्यंत पोचता येत नाही.

याहून चांगली यादी तुमच्या गावाबाहेर आहे. जवळच्या माळावर, ओढ्याकाठी, जुन्या बांधावर कोणी न लावता काय उगवतं ते पावसाळ्यात पाहून या. तेच आणा. त्याला पाणी कमी लागतं आणि तिथल्या किड्यांची त्याच्याशी जुनी ओळख असते.

आमच्याकडे घाणेरी आहे आणि तिच्यावर फुलपाखरांची झुंबड असते. मग ती वाईट कशी?

मध आहे म्हणून झुंबड आहे. पण घाणेरी उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली. तिच्या पानांवर आपल्याकडची फुलपाखरं सहसा वाढत नाहीत. पाखरं तिची फळं खाऊन बिया लांब नेतात आणि तिथे ती बाकी झुडपांना उठू देत नाही. एका दिवसात उपटू नका, मध एकदम बंद होईल. आधी शेजारी देशी झुडपं वाढवा, ती फुलायला लागली की घाणेरी मुळासकट काढा.

पाखरांसाठी पाणी ठेवायचंय, पण डासांची भीती वाटते.

भीती रास्त आहे. उकाड्यात डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते. पाणी रोज बदलता आलं तर उत्तम, नाहीतर एक दिवसाआड बदला. नुसतं ओतून भागत नाही. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी बरेच दिवस तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा काथ्याने कडा खसखसून घासा. साबण नको.

भांडं उथळ हवं. माझ्याकडे जुन्या रांजणाचं मातीचं झाकण आहे, दोन बोटं पाणी मावतं. मध्ये एक खडबडीत दगड ठेवलाय, मधमाश्या त्याच्यावर बसून पाणी पितात. गुळगुळीत, खोल भांड्यात त्या बुडून मरतात. भांडं झुडपाला अगदी चिकटून ठेवू नका, मांजर दबा धरून बसतं. पाच-सहा फूट अंतर ठेवा, म्हणजे पाखराला मांजर वेळेवर दिसेल आणि फांदीही जवळ असेल.

जागा असेल तर लहानसं तळं करा, एका बाजूने उतार असलेलं. तळ्यात डासांच्या अळ्या होतात, पण त्यांना खाणारी चतुर आणि टाचणी या कीटकांची पिल्लंही पाण्यातच वाढतात. गप्पी मासे मात्र सोडू नका. ते बाहेरदेशचे आहेत, बेडकांची अंडी-पिल्लंही खातात, आणि पावसात तळं ओसंडलं की ओढ्यात जातात.

घरात दोन वर्षांचा नातू आहे. झाडोरा वाढवला तर साप येतील, असं सगळे म्हणतात. खरं का?

आजोबा, येऊ शकतात. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. साप मागे येतो तो उंदीर, बेडूक आणि लपायला जागा यांच्या. येणारा बहुधा बिनविषारी असतो. माझ्याकडे १४ वर्षांत तीनदा धामण दिसली, एकदा तोंडात उंदीर धरून. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांची वस्ती असलेल्या मुलखात अंदाजावर राहू नये.

घराच्या भिंतीपासून आठ-दहा फूट जमीन स्वच्छ ठेवा. तिथे गवत घोट्याखाली, विटांचा-लाकडांचा ढीग नाही, दारालगत वेल नाही. रानवट कोपरा परसाच्या पार टोकाला करा आणि नातवाला तिथे एकट्याला जाऊ देऊ नका. सांडलेलं धान्य, उघडा कचरा रोज आवरा. उंदीर थांबले की साप येण्याचं मोठं कारण संपतं. उंदरांसाठी विष घालू नका, विषाने अर्धमेला झालेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबड मरतं. अंधारात बाहेर जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. मण्यार रात्री घरात शिरते, म्हणून जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. साप दिसला तर मारू नका, हातही लावू नका. लांबून नजर ठेवा आणि जाणत्या सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला धीर द्या, तो अवयव हलू देऊ नका आणि थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या.

हे सगळं जमणार नसेल तर नातू मोठा होईपर्यंत झाडोरा नको. तोवर मोकळ्या अंगणात एक झाड आणि पाण्याचं भांडं ठेवा, तेवढंही खूप आहे.

मी सातवीत आहे. आमच्या जास्वंदीखाली बुलबुलाचं पिल्लू पडलंय. आईबाबा म्हणतात हात लावू नको, माणसाचा वास आला तर त्याची आई त्याला टाकून देते.

वासाचं ते खरं नाही. हात लावल्यामुळे पाखरं पिल्लाला टाकत नाहीत. आता नीट बघ. पिल्लाच्या अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे आणि ते टुणटुण उड्या मारतंय? मग ते उडायला शिकतंय. आईबाप आसपासच आहेत, जमिनीवर येऊन भरवतील. तू फक्त मांजर-कुत्रं लांब ठेव. फारच उघड्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेव. अंग उघडं असेल, पिसं नसतील, तर घरटं शोध आणि अलगद परत ठेव. पाणी पाजू नकोस, ते श्वासनळीत जातं. आणि घरी ठेवून घेऊ नकोस. त्याला उडायला, खायला शिकवायचं ते त्याच्या आईबापांनाच येतं. काय झालं ते मला नक्की कळव.

शेवग्याची एक मोठी फांदी वाळली आहे आणि खाली पाचोळ्याचा ढीग साचला आहे. शेजारी रोज म्हणतात, साफ करा. काय करू?

फांदी वाटेवर, छपरावर किंवा शेजाऱ्यांच्या बाजूला झुकली असेल तर तोडाच. नसेल तर राहू द्या. तांबट पक्षी वाळलेल्या मऊ लाकडातच घर कोरतो, बहुधा तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी आत जात नाही. तो गेला की ती ढोली दुसरं कोणी घेतं.

पाचोळा जाळू नका. मी एका उन्हाळ्यात जाळला. ढीग पेटल्यावर त्यातून एक सापसुरळी धावत बाहेर आली, तिच्यामागे दुसरी आली नाही. त्या दिवसापासून माझ्या परसात काडी पेटलेली नाही. शेजाऱ्यांचं समाधान होईल असं करा: ढीग त्यांच्या कुंपणापासून हलवून झाडाच्या बुंध्याभोवती पसरा, कडेने विटांची एक ओळ लावा. आळं केल्यासारखं दिसतं आणि पसारा वाटत नाही. बुंध्यापासून मात्र वीतभर जागा मोकळी ठेवा, साल कुजायला नको. पावसाळ्याआधी ढीग हलवत असाल तर हातात फावडं घेऊ नका. लांब काठीने वरचा थर हळूहळू बाजूला करा आणि मध्ये मध्ये थांबा. आतल्या बेडकांना आणि सापसुरळ्यांना निघून जायला तेवढा वेळ मिळतो.