जुनी सिल्व्हर शॅडो रस्त्यावर पारखताना

साताऱ्यात येऊन रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो घेण्याचा विचार करीत असाल, तर तिच्या वेगाआधी ब्रेक तपासा, ही माझी कळकळीची विनंती आहे. १९६५ साली आलेल्या या सुमारे दोन टन वजनाच्या गाडीत ब्रेक आणि मागच्या बाजूची उंची सांभाळणारी यंत्रणा एकाच उच्च दाबाच्या हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) व्यवस्थेवर चालतात. इंजिन सुरू करून हा दाब कमी असल्याचा इशारा देणारे दिवे विझेपर्यंत थांबा, मग इंजिन बंद करून इग्निशन चालू ठेवा आणि ब्रेकचे पेडल दाबत मोजत राहा. पेडल दहा वेळा दाबण्याच्या आत दिवा पुन्हा लागला, तर गाडी रस्त्यावर काढूच नका.

त्यानंतर साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जा. चढावर तापमानाचा काटा पाहावा. पण खरी परीक्षा उतारावरच्या वळणांवर होते. गाडी थोडी कलणे स्वाभाविक आहे, कारण तिची बांधणी आरामासाठी आहे. मात्र कललेली गाडी वळण संपल्यावर सावरायला वेळ घेत असेल किंवा खड्ड्यानंतर दोनदा हिंदकळत असेल, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकले आहेत असे समजावे.

महामार्गावर ताशी ऐंशी किलोमीटर पुरेसे आहेत, तेही टायरच्या निर्मितीचे वर्ष वाचल्यावरच, कारण नक्षी शाबूत दिसणारे जुने रबर आतून तडकलेले असू शकते. त्या वेगात स्टिअरिंग थरथरल्यास चाकांचे बॅलन्सिंग प्रथम करून घ्यावे.