वर्गणीवर हेलिकॉप्टर: धडगावला जमेल का?

भाऊ, इंग्लंडात हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स लोकांच्या देणगीवर चालते, तर सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीसाठी खानदेशातून वर्गणी काढून जमेल का, असं तुम्ही विचारलंय. नंदुरबारकडे बरीच वर्षं ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर होतो, म्हणून सांगतो: एखादे वेळी हेलिकॉप्टर येईलही, पण ते टिकणार नाही.

तिकडे कॉर्नवॉलची सेवा १९८७ ला सुरू झाली, डेव्हनची १९९२ ला. रुग्णाला बिल नाही. पैसा येतो साप्ताहिक लॉटरीतून, जुन्या वस्तूंच्या दुकानांतून, मृत्युपत्रांतून. म्हणजे थोडा थोडा, पण न चुकता. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय लॉटरी काढणं गुन्हा आहे, ती वाट बंदच.

आणि रुग्णाला उडवत नेणं हा तिथला अर्धाच भाग. खरं काम डॉक्टर रुग्णापर्यंत पोचवायचं. लंडनचं पथक २०१२ पासून रक्त सोबत नेतं, गरज पडली तर रस्त्यावरच भूल देतं. हवा खराब असली की तेच लोक गाडी काढतात.

आता आपला सातपुडा. धडगावच्या वाटेवरच्या चांदसैली घाटात दरड कधी कोसळते? धो धो पावसात. तेव्हा डोंगरावर ढग टेकलेले असतात, पायलट उडणार नाही, त्याने उडूही नये. ऋषिकेशच्या एम्सची हेली ॲम्ब्युलन्स मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना आपटली. माणसं वाचली, हे नशीब. जळगाव विमानतळावरून खासगी विमानाने मुंबईला पेशंट नेता येतो, पण खर्च लाखांत. पाड्यावरून झोळीत येणाऱ्या बाळंतिणीला त्याचा काय उपयोग?

तरी डेव्हनची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे गावोगावच्या मैदानांवर दिवे बसवलेत, रात्री उतरता यावं म्हणून. आपल्याकडे मंत्री येणार म्हटलं की दोन दिवसांत हेलिपॅड तयार! टँकरने पाणी मारून धूळ बसवतात, चुन्याने एच काढतात. मंत्री गेले की तिथे मिरच्या वाळत पडतात. आश्रमशाळेचं एखादं मैदान विजेच्या तारांपासून मोकळं ठेवलं, शेजारचे पत्रे घट्ट बांधले, तर सरकारी हेलिकॉप्टर कधी आलंच तर निदान उतरेल.

वर्गणी मात्र गाडीसाठी काढा. पावसाळ्याचे चार महिने घाटाच्या वरच्या अंगाला एक चारचाकी, एक नर्स, ऑक्सिजन आणि झोळीऐवजी घडीचं स्ट्रेचर. दरड पडली तरी वरचा पेशंट धडगावच्या रुग्णालयापर्यंत पोचतो. गाडी दान द्यायला लोक पुढे येतात, दारावर नाव रंगवता येतं ना. ड्रायव्हरच्या पगाराला कोणी विचारत नाही. महिना पन्नास रुपये देणारी माणसं आधी जमवा, आणि पहिला हिशेब त्या पगाराचा मांडा. दोन ड्रायव्हर धरा, रात्रीचा वेगळा.