चेक प्रजासत्ताकाच्या मोराव्हिया प्रांतातील त्रेबीचमध्ये आज ज्यू समाज उरलेला नसताना तेथील वस्तीला ज्यू वस्ती का म्हणतात? एक दिवस काढून ती पाहण्याजोगी आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: अवश्य जा. पहिला प्रश्न मात्र मला टोचला. आपण त्याखाली असेही लिहिले आहे की, प्रागमधील योसेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती पाहिल्यावर ‘रिकाम्या घरांसाठी’ मोराव्हियापर्यंत जाण्यात अर्थ आहे का. ती घरे रिकामी नाहीत, त्यांत माणसे राहतात, आणि नेमक्या याच मुद्द्यावर माझ्या घरी गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे. त्यामुळे उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

प्रागमध्ये आपण जे पाहिले ती सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) आहेत, ज्यू नगरभवन आहे आणि जुनी दफनभूमी आहे. त्यांच्याभोवतीची घरे १८९३च्या कायद्यानंतर अस्वच्छ वस्ती म्हणून पाडण्यात आली आणि तेथे रुंद रस्ते व श्रीमंतांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्रेबीचमध्ये उलट घडले. तेथे १२३ घरे, ‘पुढचे’ व ‘मागचे’ अशी दोन सिनेगॉग, राब्बीचे (धर्मगुरूचे) घर, शाळा, नगरभवन, रुग्णालय आणि गरिबांसाठीचे आश्रयगृह, असा अख्खा संसार जागच्या जागी आहे. यिह्लावा नदी आणि ह्रादेक टेकडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हा समाज राहिला. पलीकडच्या काठावर बाजारचौकाचे ख्रिस्ती गाव आणि अलीकडे उंचावर, ११०१ साली स्थापन झालेल्या बेनेडिक्टिन मठाचे आवार, अशी ही कोंडी होती. पसरायला जागा नव्हती. म्हणून घरे वर चढली, गल्ल्यांवर कमानी आल्या आणि एकाच घराचे मजले व खोल्या वेगवेगळ्या मालकांच्या नावावर झाल्या. खाली दुकान किंवा कारखाना, वर बिऱ्हाड. नदीकाठी कातडी कमावण्याचा धंदा चाले, आणि त्या वासाची कल्पना केल्याशिवाय आजच्या रंगवलेल्या भिंतींकडे पाहून या गल्ल्यांना ‘सुंदर’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी कामानिमित्त तीन वर्षे ब्रनोला होतो. ब्रनोहून यिह्लावाकडे जाणाऱ्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास त्रेबीच येते. नोव्हेंबरातला धुक्याचा दिवस होता, पर्यटक नव्हते, आणि ‘तिखे नामेस्ती’ म्हणजे ‘शांत चौक’ या ठिकाणी (मराठी कानाला या नावाचा भलताच अर्थ लागतो) मी एका दाराच्या उजव्या चौकटीवरची तिरकी खोबण निरखत उभा होतो. मेझुझा, म्हणजे ज्यू घरांच्या दाराला लावतात ती धर्मवचनांची डबी, लावलेली असावी अशी ती जागा दिसत होती. तेवढ्यात हातात बाजाराची पिशवी घेतलेली, सत्तरीच्या घरातली एक बाई मागे येऊन उभी राहिली आणि काय शोधता म्हणून तिने विचारले. माझे चेक तोडकेमोडके, तिचे जर्मन त्याहून थोडे बरे. तरी मी खोबणीकडे बोट दाखवले. ती म्हणाली की ती मेझुझाची असेल किंवा तिच्या नवऱ्याने बोलावलेल्या वायरमनची असेल, कारण त्याने घरभर अशाच खाचा पाडून ठेवल्या होत्या.

मग तिने मला आत बोलावले. तिच्या स्वयंपाकघरात एक जिना होता, जो सहा पायऱ्या चढून सरळ भिंतीला भिडत होता. त्यावर तिने बरण्या मांडल्या होत्या. लहानपणी ती आजीला विचारी की हा जिना कुठे जातो, आणि आजी सांगे, ‘शेजाऱ्यांकडे.’ नंतर मागच्या सिनेगॉगमध्ये, स्त्रियांच्या सज्जात मांडलेली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील वस्तीची प्रतिकृती पाहताना मला आजीचे उत्तर उलगडले. एका घराचे दोन-तीन मालक असले की वाटणीची भिंत कुठूनही जाई, आणि जिना, खिडकी, माळा यांचे तुकडे होत. त्या बाईची तक्रार अशी होती की येणारा प्रत्येक जण आधी येथे कोण राहत होते एवढेच विचारतो. नळ नव्हता तेव्हा नदीवरून बादल्या कोणी आणल्या, हे कोणी विचारत नाही. तरीही गावातली जुनी माणसे तिच्या घराला अजून पहिल्या मालकाच्या आडनावाने ओळखतात आणि नवा पोस्टमन आला की तीही त्याला तेच आडनाव सांगते. तिला त्यात काही वावगे वाटत नव्हते. हा प्रसंग मी त्या रात्री फोनवर माझ्या थोरल्या भावाला सांगितला आणि आमचे भांडण नव्याने सुरू झाले.

आमचे घर अलिबागजवळचे. १९६८ साली वडिलांनी ते इस्राएलला निघालेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबाकडून विकत घेतले. जाताना त्यांनी मेझुझा काढून नेली, पण सागवानी चौकटीवर खिळ्यांची दोन भोके राहिली. वाडीत आजही ‘इस्राएलांच्या घरी जाऊन ये’ असेच म्हणतात. दादाला ते खुपते. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या घराला दुसऱ्याचे नाव का, असा त्याचा सवाल असतो. भोके बुजवून, चौकट रंगवून त्याला तेथे ‘मातृछाया’ अशी पाटी लावायची आहे. आपला प्रश्न वाचताना मला दादाचाच आवाज ऐकू आला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता हे लोक गेले कसे, ते पाहू, कारण ‘युद्धात सगळे संपले’ हे उत्तर अपुरे आहे. १७२६ साली सम्राट सहावा चार्ल्स याने ज्यूंच्या लग्नांवर मर्यादा घातली. मोराव्हियात ५,१०६ कुटुंबे ठरवून दिली आणि प्रत्येक घरातील फक्त थोरल्या मुलाला, तोही बापाची जागा रिकामी झाल्यावर, लग्नाची परवानगी मिळे. धाकट्यांनी अविवाहित राहावे, गुपचूप लग्न करावे किंवा हंगेरीची वाट धरावी. (धाकटा असल्यामुळे हा कायदा मला अधिक लागतो, असे दादा म्हणतो.) १८४८च्या उलथापालथीनंतर हे निर्बंध गेले, आणि ज्यांना जाता आले ते ब्रनोला, व्हिएन्नाला गेले. म्हणजे वस्ती रिकामी होऊ लागली ती मोकळीक मिळाल्यामुळे, आणि सुटलेल्या घरांत गरीब ख्रिस्ती कुटुंबे राहायला आली. त्या बाईच्या पूर्वजांसारखी माणसे कोणाला हुसकावून तेथे शिरलेली नाहीत. निदान त्या काळात तरी नाही. उपासकांची संख्या एवढी घटली की मागचे सिनेगॉग विसाव्या शतकात गोदाम झाले, आणि पुढचे आता हुसाइट या ख्रिस्ती पंथाचे चर्च आहे.

उरलेल्यांचे काय झाले, ते आकड्यांतच सांगतो. मे १९४२ मध्ये त्रेबीचहून निघालेल्या गाड्यांतून आसपासच्या जिल्ह्यांतील ज्यूंना तेरेझीनच्या नाझी छळछावणीत नेण्यात आले. गावातील २८१ जणांना नेले गेले, त्यांपैकी १० परतले. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला परंपरेने किमान दहा पुरुष लागतात. परतलेल्या दहांत स्त्रियाही असतील.

वस्ती टिकली, याचे श्रेय कोणी सरकारला देऊ लागले की मला राग येतो. १९७०च्या दशकात सगळी घरे पाडून तेथे नव्या सदनिका बांधण्याचा बेत होता. बेत रेंगाळला, कम्युनिस्ट राजवट गेली आणि नव्वदीच्या दशकात डागडुजी सुरू झाली. मागच्या सिनेगॉगच्या भिंतींवरील रंगवलेली हिब्रू प्रार्थनावचने तेव्हा पुन्हा उजळली. २००३ साली युनेस्कोने ही वस्ती, टेकडीपलीकडची दफनभूमी आणि मठाचे मोठे चर्च, म्हणजे सेंट प्रोकोपियसची बॅसिलिका, यांची एकत्र नोंद केली. दोन धर्मांचे लोक शतकानुशतके शेजारी राहिले, हे त्या नोंदीमागचे कारण. शेजार समान हक्कांचा नव्हता, हे तेवढ्यावर विसरू नये. गावात असेही सांगतात की पुढच्या सिनेगॉगच्या खिडक्यांतला उजेड गढीतल्या सरदारीणबाईंच्या डोळ्यांवर येतो, म्हणून त्याची उंची कमी करायला लावली होती.

तेव्हा तिला ज्यू वस्ती म्हणतात, कारण भिंतीला भिडणारा तो जिना त्यांनी बांधला. नंतरच्यांनी तेथे बरण्या ठेवल्या म्हणून जिन्याचा कर्ता बदलत नाही.

दोन खुलासे केले पाहिजेत. कोकणातले बेने इस्राएल स्वखुशीने गेले, घरांची किंमत घेऊन गेले, आणि त्यांच्याकडून आजही नातवंडांची लग्नपत्रिका येते. त्रेबीचशी आमच्या घराची तुलना खिळ्यांच्या भोकांपुरतीच आहे. दुसरे, काही घरांत आता कॉफीची दुकाने व पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत, त्यामुळे माझी बाई सगळ्या वस्तीच्या वतीने बोलत होती असे समजू नका.

प्रागहून सकाळी निघून रात्री परत येता येते, पण मुक्काम करणे उत्तम. दफनभूमीला निदान दोन तास द्यावेत. सुमारे ११,००० जणांना तेथे पुरले आहे आणि ३,०००च्या आसपास शिळा उभ्या आहेत. चढावर ओल्या पानांवरून पाय घसरतो, म्हणून चांगले बूट घाला. दारे-चौकटी बाहेरूनच पाहाव्यात, आणि आतून कोणी हाक मारली तर आधी नळ केव्हा आला ते विचारावे.

दादा हे वाचत असेल तर त्याने रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी मला एक फोन करावा. पाटी लावायला माझी हरकत नाही, चौकट मात्र तशीच ठेवावी.