प्रश्न तुमचे: ओव्यांचे क्रमांक आपोआप बदलतात

प्रश्न : ज्ञानेश्वरीची टिपणं मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकूर मांडायची पद्धत) वापरणाऱ्या ॲपमध्ये लिहितो. ४७, ५२, ६० या ओव्या उतरवल्या, तर दिसताना ४७, ४८, ४९ होतात. चरणही एका ओळीत येतात. काय करावं?

उत्तर : ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी अंक, टिंब आणि मोकळी जागा आली की मार्कडाउन ती यादी समजतं. यादीचा फक्त पहिला आकडा पाळला जातो, पुढचे ओळीनं मोजले जातात. तुमचा मूळ मजकूर शाबूत आहे, घाबरू नका. अंक देवनागरीत लिहा, किंवा टिंबाआधी उलटी तिरपी रेघ (\) द्या. आम्ही देवनागरीच सुचवू. पोथीतही तसेच असतात.

चरण वेगळे ठेवायला प्रत्येक ओळीअखेर दोन स्पेस द्या. ओवीच्या प्रत्येक ओळीआधी > हे चिन्ह टाकलंत, तर मूळ ओवी तुमच्या विवरणापासून वेगळी उठून दिसेल. तिरपा ठसा (इटॅलिक) मात्र टाळा: बहुतेक देवनागरी फाँटमध्ये तो नसतो, सरळ अक्षरंच ओढून वाकवली जातात आणि जोडाक्षरं वाचवत नाहीत.

टिपणाचं नाव ‘ज्ञा-०६-००१४’ (सहावा अध्याय, चौदावी ओवी) असं ठेवा. अठराव्या अध्यायात अठराशेहून अधिक ओव्या आहेत, म्हणून ओवीला चार अंकी जागा हवी; नाहीतर नावांच्या क्रमात १०० ही ओवी १४ च्या आधी लागेल.